पक्याचं पाकीट

परळच्या कट्ट्यावर काल तोच विषय, जो सगळ्यांच्या फोनवर फिरतोय: व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्या आणि ठणठणीत व्हा. पक्याने खिशातून डी व्हिटॅमिनचं पाकीटच काढलं. "साठ हजार युनिट! रोज एक, दुधातून. महिन्याभरात घोडा होतो बघा."

शैला केमिस्टच्या दुकानात कामाला आहे. "अरे, हे आठवड्याला एक घ्यायचं असतं. तेही डॉक्टरने सांगितलं तर, आणि सांगितलं तेवढेच आठवडे. जास्तीचं सी व्हिटॅमिन लघवीवाटे निघून जातं. डी चरबीत साठून राहतं. रक्तात कॅल्शियम चढलं की उलट्या, मूतखडा, किडनीची वाट. घोडा कसला होतोस!"

"तुला धंदा नको का गं?"

"धंदा हवा असता तर दहा पाकिटं बांधून दिली असती."

नानांनी कोवळ्या उन्हाची बाजू लावून धरली. शैलाने त्यांनाही सोडलं नाही. "नाना, डी बनायला वरचं ऊन लागतं, अकरानंतरचं. सकाळी सातला तुम्ही बसता ते पेपर वाचायला."

मग नंदूची पाळी. तो माळकरी. "आमच्या आजोबांना कुणी बी-ट्वेल्व्ह दिलं होतं?"

"आजोबांचं राहू दे. गणपतीपासून पायाला मुंग्या येतात म्हणतोयस ना? डाळ-भाजीत बी-ट्वेल्व्ह नसतं, दूध-दह्यात असतं ते थोडं. आधी रक्त तपास. स्वतःच्या मनाने नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेत बसलास तर रक्त सुधारलेलं दिसेल आणि नसा बिघडत जातील."

फॉलिक म्हटल्यावर मला ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर आठवली. १९२८ मध्ये ती मुंबईत आली. इथल्याच हाफकिन संशोधन संस्थेत बसून तिने गिरणीतल्या गरोदर बायांच्या पंडुरोगाचा, म्हणजे रक्त कमी होण्याचा, छडा लावला. त्या काय खातात ते पाहिलं, आहारात कमी काय ते शोधलं आणि यीस्टच्या अर्काने त्यांना बरं केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढचं फॉलिक ॲसिड. आपल्या आज्यांच्या पिढीतल्या बाया त्या. आधी कमतरता शोधायची, मग औषध द्यायचं, हे या परळमध्ये तेव्हा झालंय, आणि आज आपण मोबाईल बघून पाकिटं फोडतोय याचा मला खरंच राग येतो.

"मग तपासणीचे पैसे पक्याकडून घ्या," नंदू म्हणाला. "अलिबागच्या ट्रिपचे माझे पाचशे त्याच्याकडेच आहेत."

"दिले होते! नानांसमोर दिले होते!"

"माझ्यासमोर तू फक्त मिसळ खाल्लीस," नाना म्हणाले, "तीही माझ्या पैशाने."

पुढे कुणाचंच कुणाला ऐकू येईना.