अंगठ्याची खोबण

मैत्रिणीसाठी मातीचा एक मग केला होता. हँडलच्या वरच्या टोकाला अंगठा टेकेल अशी छोटी खोबण, ओल्या मातीत स्वतःचाच अंगठा दाबून केलेली. मोठ्या कौतुकाने तिच्या हातात दिला. तिने तो उचलला, जरा फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाली, "छान आहे गं. पण मी डावरी आहे."

अकरा वर्षांची मैत्री! इतक्या वर्षांत तिला लिहिताना पाहिलंय, भाजी चिरताना पाहिलंय, आणि तरी तिचा हात कधी पाहिलाच नव्हता. खोबण थोडी तिरकी होती, माझ्या उजव्या अंगठ्याच्या कलाने. तिच्या अंगठ्याला ती टोचत होती.

दुसरा मग करण्याआधी मी तिला समोर बसवून दहा-बारा कप उचलायला लावले. ती हँडलमध्ये दोनच बोटं घालते, करंगळी खाली आधाराला लावते. मग हँडल छोटं केलं आणि खाली करंगळीसाठी जागा ठेवली. त्यातही हिशोब आलाच: स्टोनवेअरची, म्हणजे भाजल्यावर दगडासारखी टणक होणारी, माती ओली असल्यापासून पक्की भाजेपर्यंत साधारण १० ते १२ टक्के आटते, म्हणजे तिच्या बोटांपेक्षा मोठं हँडल करायचं आणि ते आटून तिच्या मापाला येईल असा भरवसा ठेवायचा. पहिलं सुकतानाच तडकलं, दुसरं जमलं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे हल्ली जिथे तिथे दिसणारं "माती माणसांना जोडते" हे वाक्य. ॲप्रन घातलेले हसरे चेहरे, दोन तासांची कार्यशाळा, चाकावर चिखलाच्या हातांचा फोटो. माझा त्याला विरोध नाही, मीही अशाच एका कार्यशाळेतून इथवर आले. पण दोन तासांत माती फार तर ओळख दाखवते. नुसती माती काही कुणाला जोडत नाही. जोडतात त्या तिच्यामुळे होणाऱ्या अडचणी, ज्या एकट्याने निस्तरता येत नाहीत.

भट्टीचंच बघा. छोट्या स्टुडिओत भट्टी एकच असते आणि तिच्यात आठ-दहा जणांची भांडी शेजारी शेजारी बसतात. एखाद्याने घाईने अर्धओलं भांडं आत ठेवलं तर १०० अंशांच्या आसपास आतल्या पाण्याची वाफ होते आणि भांडं फुटतं. (सगळे "हवेचा बुडबुडा राहिला" म्हणतात. बुडबुडा बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो, खरा गुन्हा ओलाव्याचा.) त्या ठिकऱ्या शेजारच्याच्या कामावर जाऊन पडतात. म्हणजे तुमच्या उतावळेपणाची शिक्षा अशा माणसाला, ज्याला तुम्ही कदाचित कधी भेटलाही नाहीत. लाकडाच्या भट्ट्यांमध्ये तर हे आणखी पुढे जातं. ॲनागामा नावाची जपानी पद्धतीची लांबट भट्टी कित्येक दिवस सलग पेटती ठेवावी लागते, माणसं पाळ्या लावून रात्रंदिवस लाकूड घालतात. त्या लाकडाची राख उडून भांड्यांवर बसते, वितळते आणि तिचंच ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, होतं. पहाटे तीनला तुम्ही झोपलेले असताना दुसऱ्या कुणीतरी टाकलेली लाकडं तुमच्या भांड्यावर कायमची दिसत राहतात.

या संदर्भात मला नेहमी लूसी री आणि हान्स कोपर हे दोन मातीकाम करणारे कलाकार आठवतात. री १९३८ मध्ये नाझींमुळे व्हिएन्ना सोडून लंडनला आल्या. तिथे पोटापाण्यासाठी त्यांनी सिरॅमिकची बटणं करायला घेतली, कपड्यांवर लावायची साधी बटणं. १९४६ मध्ये त्या कामात मदतीला कोपर आले. तेही जर्मनीतून निसटून आलेले, आणि मातीकामाचा अनुभव शून्य. पुढे १९५८ पर्यंत दोघांनी एकाच स्टुडिओत काम केलं. त्या काळातल्या काही कप-बशांच्या तळाशी दोघांचेही शिक्के आहेत. नंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, कामही अगदी वेगळं, पण मैत्री कोपर १९८१ मध्ये गेले तोवर टिकली. मला यात भव्य काही दिसत नाही, आणि तेच आवडतं. शेकड्यांनी बटणं काढायची होती, दुसरा हात हवा होता.

माझ्याही स्टुडिओत असा एक दुसरा हात आहे. ग्लेझच्या भट्टीत भांड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवतात, कारण ग्लेझ म्हणजे काच, तापली की वितळते आणि जे टेकेल त्याला धरून बसते. माझ्या वाडग्याची एक भिंत फार पातळ झाली होती. १२४० अंशांवर ती मऊ पडून कलली आणि थेट शेजारच्या कपाला टेकली. भट्टी उघडली तेव्हा दोन्ही एकजीव. कप ज्या काकांचा होता ते दुसऱ्या वारी यायचे, आमची कधी गाठच पडली नव्हती. मी त्यांना फोन केला, चारदा सॉरी म्हटलं. ते मुद्दाम माझ्या दिवशी आले, ती जोडगोळी हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "दमला असेल हो तुमचा वाडगा. टेकायला जागा शोधत होता."

मग त्यांनी ती उलटी केली. कपाच्या तळाला इंग्रजी एससारखी वळणदार चीर होती. चाकावर तळ नीट दाबला नाही की अशी चीर पडते. "हा तसाही गेलेलाच होता," ते म्हणाले, आणि लगेच चाकाशी बसून मला भिंतीची जाडी बोटांनी कशी जोखायची ते दाखवायला लागले. मी त्यांना तळ दाबायची माझी पद्धत दाखवली. तेवढं एकच मला बरं जमतं.

आता मी माझी ओली भांडी उघडी विसरून गेले तर दुसऱ्या वारी त्यांच्यावर प्लास्टिक घातलेलं असतं. कधी चिठ्ठी असते: "कडा सुकत होत्या, पाणी मारलंय." मीही त्यांची झाकते. महिन्यातून एखाद वेळेस भेट होते, बाकी सगळा संवाद हा असा, प्लास्टिकमधून.

ती जोडगोळी स्टुडिओच्या खिडकीत आहे. वाडग्यात स्पंज ठेवतो, कपात ब्रश. परवा नवीन आलेल्या एका मुलीने विचारलं, हे असं कसं केलं, शिकवाल का?