पेपर्ड मॉथ: फोटो मांडलेले होते, पुरावा नव्हे

‘इंग्लंडच्या ज्या पतंगावरून शाळेत उत्क्रांती शिकवतात, तो निव्वळ बनाव. मेलेले पतंग खोडाला चिकटवून फोटो काढले!’ ‘पेपर्ड मॉथ’ या पतंगाबद्दल हा मजकूर सतत फिरतो. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

काही फोटो मांडलेलेच होते; पांढऱ्यावर मिरपूड सांडल्यासारखा मूळ पतंग आणि काजळकाळा पतंग शेजारीशेजारी दिसावेत म्हणून. पण खोडाच्या रंगाशी मिळताजुळता पतंग पक्ष्यांना दिसत नाही म्हणून वाचतो, हा निष्कर्ष फोटोंवरून काढलेला नाही. ब्रिटिश कीटकतज्ज्ञ बर्नार्ड केटलवेल यांनी १९५३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या, कारखान्यांच्या धुराने काजळलेल्या रानात खुणा केलेले पतंग सोडून पुन्हा पकडले, तेव्हा काळे जास्त वाचलेले निघाले. १९५५ मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ रानात नेमकं उलट झालं.

‘हे पतंग खोडावर बसतच नाहीत’ हा आक्षेप जास्त वजनदार. केटलवेल पतंग दिवसा खोडावर सोडत, ही त्रुटी होतीच. म्हणून जनुकशास्त्रज्ञ मायकल मॅजेरस यांनी केंब्रिजमध्ये २००१ ते २००७ या काळात नव्याने प्रयोग केला. ४,८६४ पतंग रात्री सोडले आणि बसायची जागा पतंगांनाच निवडू दिली. हवा एव्हाना स्वच्छ झाली होती. पक्ष्यांनी काळेच जास्त टिपले. शिवाय निसर्गात आपणहून बसलेले १३५ पतंग त्यांनी शोधले. निम्म्याहून जास्त फांद्यांवर होते, पण सुमारे ३५ टक्के खोडावरच.

तिसरा दावा: ‘धुराने पंख काळे झाले, एवढंच.’ हे म्हणणाऱ्याने या जिवाचं आयुष्य पाहावं. अंड्यातून निघते ती उंटअळी. बर्च, ओक, विलोची पानं खाते, आणि मागच्या पायांनी फांदी धरून अंग ताठ तिरकं ठेवते. डोक्याला मध्ये खाच, त्यामुळे टोकाला कोंब असलेली काटकीच वाटते. अळी काटकीप्रमाणे हिरवी-तपकिरी होते, हे खरं. डोळे रंगाने झाकले तरी होते. रंग तिला त्वचेतून कळतो! पण पतंगाच्या पंखांवर त्याचा परिणाम नाही. अळी मातीत उतरून कोष करते, हिवाळा तिथेच काढते, आणि पंख रंगतात ते त्या कोषात. काळ्या-पांढऱ्या जोडीची पिल्लं एकाच पानांवर वाढवली तरी बऱ्याचदा निम्मी काळी, निम्मी ठिपकेदार निघतात. या काळेपणामागचा, कॉर्टेक्स जनुकात घुसलेला डीएनएचा तुकडा २०१६ मध्ये सापडलाही.

‘शेवटी पतंगच राहिला ना?’ राहिला. नवा प्राणी झाला असं कोणी म्हटलेलंच नाही. मँचेस्टरला काळा पतंग १८४८ मध्ये नोंदला गेला, १८९५ पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के काळे होते. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर काजळी ओसरली, आणि काळे पतंगही विरळ होत गेले.