पडद्याच्या पुढं सौभाग्यवती

कोल्हापूरच्या माणसाची एक श्रद्धा असते. जगातल्या कुठल्याही खिडकीपलीकडं, काउंटरमागं किंवा टेबलाआड बसलेला माणूस कुणाचा तरी पाहुणा असतोच. तो कुणाचा, हे शोधून काढायला पाच मिनिटं मिळाली की काम झालं. या श्रद्धेवर आम्ही रेशनकार्डापासून गॅसच्या जोडणीपर्यंत सगळं आयुष्य निभावलं. त्यामुळं चिरंजीवांनी अमेरिकेतून फोन करून ‘आईचं तिकीट बिझनेस क्लासचं झालंय, तुमचं इकॉनॉमीचं, पण तुमचं अपग्रेड होईल बहुतेक’ असं सांगितलं, तेव्हा त्यातलं ‘बहुतेक’ मी ऐकून सोडून दिलं. होणारच की. करणारा माणूस तेवढा शोधायचा होता.

एकाच घरातली दोन माणसं एकाच विमानात दोन वर्गांत कशी गेली, तर पॉइंटांमुळं. चिरंजीव क्रेडिट कार्डावर भाजीसुद्धा घेतो आणि प्रत्येक खरेदीमागं त्याला पॉइंट मिळतात. विमानानं जितके मैल हिंडाल तितकी बक्षिशी, हे खूळ १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सनं मोठ्या प्रमाणावर सुरू केलं आणि आता विमानात पाऊल न टाकता दोडके विकत घेऊनही मैल साठतात. तर हे सगळे साठवलेले मैल पुढच्या एका सीटला पुरले. दुसरं तिकीट त्यानं रोख पैसे मोजून मागचं काढलं.

आता पुढं कोण बसणार? हा प्रश्न त्यानं व्हिडिओ कॉलवर विचारला आणि आमच्याकडं आग्रह सुरू झाला. पंगतीत जिलबीचा होतो तसलाच. ही म्हणाली, “ह्यांना बसव, ह्यांची कंबर धरते.” मी म्हणालो, “छे, तिचे गुडघे बघ आधी.” ती म्हणाली, “माझं काय, मी कुठंही बसते.” मी म्हणालो, “मी तर उभ्यानं एसटीतनं गारगोटीला जात होतो.” या आग्रहाचा नियम असा की दोघांनी ताणायचं, पण ‘बरं’ कुणी म्हणायचं नाही. जो आधी ‘बरं’ म्हणाला, त्याला ते पुढं जन्मभर ऐकावं लागतं. तिकडं पोराला ऑफिसला उशीर होत होता. त्यानं आईचं नाव टाईप केलं आणि फोन ठेवला. विमानाच्या तिकिटावर एकदा नाव पडलं की ते बदलून मिळत नाही, हे आम्हाला मागाहून कळलं. आग्रह आणखी दोन दिवस चालला, पण त्यात राम उरला नव्हता.

गंगावेशीत रात्री म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला आमची मंडळी जमतात. तिथं हा विषय निघाल्यावर प्रत्येकजण विमान कंपनीचा संचालक असल्यासारखा बोलायला लागला. एकजण मागं दुबईला जाऊन आलेला आहे, त्याच्या शब्दाला तिथं वजन. तो म्हणाला, “भावा, सोपं हाय. कोट घालून जायचं. कोटवाला माणूस दिसला की ते आपणहून पुढं घेतात.” दुसरा म्हणाला, “लग्नाचा वाढदिवस हाय म्हणून सांग.” तिसऱ्यानं काउंटरवरच्या पोरीसाठी गुळाची ढेप न्यायला सुचवलं. वहिनींना कोल्हापुरी साज घालायला सांग, म्हणजे खानदानी जोडपं वाटंल, असंही एकानं सांगितलं. ही सूचना घरी फार उत्साहानं स्वीकारली गेली. मुंबई विमानतळाच्या तपासणीत त्या साजानं यंत्राला दोनदा शिट्टी वाजवायला लावली, ते वेगळं.

मध्येच कंपनीची मेल आली. पुढच्या सीटसाठी बोली लावा! खाली एक सरकवायची पट्टी. डावीकडं सरकवली की लाल, शक्यता कमी. उजवीकडं नेली की हिरवी, शक्यता जास्त. बोली मान्य झाली तरच पैसे कापणार. आता बोलीतलं कोल्हापूरच्या माणसाला कुणी शिकवायला नको. शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात, तिथं रवा, म्हणजे गुळाची ढेप, समोर असतो, रंग डोळ्याला दिसतो आणि बाजूचा व्यापारी किती बोलला ते कानाला ऐकू येतं. इथं माल दिसत नाही, गिऱ्हाईकं दिसत नाहीत, किती सीट शिल्लक आहेत तेही सांगत नाहीत, आणि सौदा मात्र करा म्हणतात. मी पट्टी लालमधून जेमतेम बाहेर काढून ठेवली. हिनं मागून बघितलं आणि म्हणाली, “माझ्या शेजारी बसायला एवढेच का?” मी आणखी बोटभर सरकवली. ती तशीच उभी. मी आणखी थोडी सरकवली.

खरं तर अपग्रेड हा प्रकार आम्हाला नवा नव्हता. मागं एकदा महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जाताना स्लीपरचं तिकीट काढलं होतं आणि चार्ट लागल्यावर बघतो तर दोघांनाही थ्री टायर एसी! रेल्वेनं २००६ पासून ही सोय ठेवलेली आहे. वरच्या वर्गात जागा रिकाम्या राहिल्या तर खालच्या वर्गातल्या पूर्ण भाडं भरलेल्यांना फुकटात वर सरकवतात, आणि एका तिकिटावरची माणसं एकतर सगळी वर जातात, नाहीतर सगळी खालीच राहतात. नवरा वर आणि बायको खाली, असला प्रकार भारतीय रेल्वे करत नाही. कोट नको, साज नको, बोली नको. रात्री कोल्हापूर सोडायचं आणि दोघांनी मिळून गारठायचं.

मे महिन्यात मुंबईच्या विमानतळावर मी कोट घालून उभा राहिलो. आतला शर्ट पाठीला चिकटलेला, तरी चेहरा बिझनेस क्लासचा. काउंटरवरची मुलगी पासपोर्ट चाळता चाळता म्हणाली, “काका, कोल्हापूरचे का? बोलण्यावरून वाटलंच. मी गडहिंग्लजची.”

मी हिच्याकडं बघितलं. हिनं माझ्याकडं बघितलं. श्रद्धा म्हणतात ती हीच. मग मी गडहिंग्लजमधल्या चार घरांची नावं घेतली, त्यातलं एक तिच्या आत्याच्या शेजारचं निघालं, म्हणजे पाहुणेच झालो. मग मी हळूच विषय काढला.

पोरगी गुणाची. तिनं स्क्रीन बघितला आणि म्हणाली, “काका, खरं सांगू का? मागं तिकिटं जास्त विकली गेली, तर थोडी माणसं पुढं ढकलावी लागतात. पण कुणाला ढकलायचं ते यादी ठरवते. आधी सोनेरी-चंदेरी कार्डवाले, नेहमी फिरणारे. मग महागडं तिकीट काढलेले. प्रत्येक तिकिटाला एक अक्षर असतं, त्यावरून कळतं कुणी किती पैसे भरलेत. तुमचं अक्षर...” तिनं आवाज खाली आणला, “अगदी शेवटचं आहे, काका.”

सगळी नोकरी जिल्हा परिषदेत काढल्यामुळं मला लगेच उमगलं. म्हणजे सेवाज्येष्ठता यादी म्हणा की! आणि त्या यादीत मी रोजंदारीवरचा.

“पण आम्ही नवरा-बायको आहोत,” मी शेवटचं अस्त्र काढलं.

“ते मला दिसतंय हो काका. कॉम्प्युटरला नाही दिसत. काकूंचं तिकीट पॉइंटचं, वेगळा पीएनआर. तुमचं वेगळं. त्याच्या लेखी तुमची एकमेकांशी ओळखच नाही.”

आणि बोली? बोली नामंजूर. आता पैसे भरून पुढं जायचं असेल तर आजचा दर हा, म्हणून तिनं आकडा दाखवला. मी कोटाच्या खिशात हात घातला आणि रुमाल काढून कपाळ पुसलं. तरी गडहिंग्लज ते गडहिंग्लज. तिनं माझी मधली सीट बदलून कडेची दिली. अगदी शेवटची रांग, बाथरूमला लागून. वशिला चालला नाही असं कुणी म्हणू नये.

पुढच्या वर्गाच्या प्रवाशांना आराम करायला लाउंज असतो. त्यात तिला प्रवेश, मला नाही. “मी नाही जात एकटी,” म्हणत गेली आणि बऱ्याच वेळानं तोंड पुसत आली. “आत मिसळ होती हो,” म्हणाली. आणि माझा चेहरा बघून लगेच, “पण कट नव्हता. नुसतं गुळमुळीत.” एवढी समजूतदार बायको मिळायला पुण्य लागतं.

मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान पंधरा-सोळा तासांचं. दार ओलांडलं की ती डावीकडं वळली आणि मी उजवीकडं. पन्नाशीच्या आसपासच्या रांगांपर्यंत चालत जाताना माणसाला कळतं की विमान केवढं लांब असतं. मध्ये पडदा ओढला गेला.

त्या पडद्याचा कायदा असा की मागच्यांनी पुढं जायचं नाही, पण पुढच्यांना मागं यायला कुणी अडवत नाही. विमान वर गेल्यावर तासाभरानं ही आली. कंपनीनं दिलेल्या सपाता पायांत, कागदी रुमालात काहीतरी गुंडाळलेलं. शेवटच्या रांगेपाशी उभी राहून वाकून म्हणाली, “अहो, जेवलासा का?”

“अजून गाडी इकडं आली नाही.”

“झोप लागली का थोडी? पाय सुजलेत का बघू. बाथरूमला जाऊन आलासा?” मग रुमाल माझ्या हातात दिला. “बदाम आहेत. गरम करून देतात हो!”

ती गेल्यावर शेजारचे गृहस्थ काळजीनं म्हणाले, “बरं नाही का तुम्हाला?”

दुसऱ्या फेरीला ती जरा घाबरलेली होती. खुर्चीवरचं एक बटण दाबलं तर खुर्चीचा पलंग झाला आणि ही आडवी. परत उठवायचं बटण कुठलं ते सापडेना. हाक मारायची लाज वाटली म्हणून ती तशीच छताकडं बघत पडून राहिली. शेवटी हवाई सुंदरीला वाटलं की बाई झोपली, म्हणून तिनं अंगावर पांघरूण घालून दिवा मालवला. “मग काय केलंस?” मी विचारलं. “मग काय करणार? झोपले. चार तास.” हे मला ती गुडघे चेपत सांगत नव्हती, एवढंच नोंदवतो.

तिसऱ्या फेरीला तिनं जे सांगितलं, त्यानं मात्र माझा तोल गेला. “अहो, माझ्या शेजारची सीट रिकामीच आहे. मी तिथं पर्स ठेवलीय.”

माझ्या रांगेतले सगळेजण वळले. मागचं विमान गच्च, पुढं एक खुर्ची मोकळी, तिच्यावर आमच्या महाद्वार रोडवरून घेतलेली पर्स, गरम बदाम खात न्यूयॉर्कला निघालेली. मी हवाई सुंदरीला गाठलं. ती हसून म्हणाली, विमानात आल्यावर वर्ग बदलायचा अधिकार आम्हाला नाही, सर. अदलाबदल? तीही नाही. शेजारच्या गृहस्थांनी हिशेब उलगडला: रिकामी सीट फुकट द्यायला लागले, तर उद्या पैसे भरून ती घेणार कोण? प्रत्येकजण मागचं तिकीट काढून कोट घालून येईल.

हिशेब बरोबर असेल. पण मला आठवलं ते खासबाग मैदान. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, तेव्हा त्यांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि १९१२ साली कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान उभं राहिलं. बांधताना मधे आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक अशी रचना केली, की अगदी वरच्या कडेला बसलेल्या गड्यालाही पैलवानाचा डाव दिसावा. राजानं शेवटच्या रांगेतल्या माणसाचा विचार केला होता. मला शेवटच्या रांगेतून बाथरूमची रांग दिसत होती. त्या रांगेतला प्रत्येकजण एक हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर ठेवूनच उभा राहत होता.

उतरल्यावर पुढचे लोक आधी सोडतात. ही दाराबाहेर उभी राहून माझी वाट बघत होती, ताजीतवानी, केस विंचरलेले. मी कोट हातावर टाकून बाहेर आलो. पासपोर्टवाल्या गोऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं, “तुम्ही दोघं एकत्र प्रवास करताय?” ती म्हणाली “यस”. मी काही बोललो नाही.

तिथले दिवस नातवाच्या मागं धावण्यात गेले. परतीची तारीख आधी पक्की केलेली नव्हती. तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा चिरंजीव लॅपटॉप घेऊन बसला आणि म्हणाला, “पॉइंट परत एकाच सीटपुरते जमलेत. पुढं कोण?”

ही सवयीनं म्हणाली, “ह्यांना बसव. ह्यांची कंबर धरते.”

मी म्हणालो, “बरं.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. नातू कार्टून बघत होता, तोही वळून बघायला लागला. हिनं पदर खोचला, कुकर बंद केला, ओटा पुसला, आणि पाठमोरीच पोराला म्हणाली, “राहू दे ते पॉइंट तुझ्या कामाला. दोघांचंही मागंच काढ. यांना एकटं सोडून माझा जीव लागत नाही.”

पोरानं लगेच दोन सीट शेजारी शेजारी घेतल्या. खिडकीची तिला हवी होती. कडेची कुणीतरी आधीच घेतलेली होती.