किल्ल्या हातात, आजोबा घरात

मार्चातला शुक्रवार. दुपारी पावणेदोनला इंग्लंडातल्या रेडिंगमधल्या एस्टेट एजंटाने पाकिटातून किल्ल्यांचा जुडगा काढून दिला, अभिनंदन म्हणाला आणि सँडविच आणायला निघून गेला. दोनला आम्ही नव्या घराच्या दाराशी. गाडीच्या डिकीत कलश, नारळ, दुधाचं पातेलं. फोनवर पुण्याहून आई, कारण मुहूर्त आमच्या घड्याळाने अडीचपर्यंतच होता. किल्ली फिरवून दार उघडलं तर आत रेडिओ चालू. स्वयंपाकघरात घराचे जुने मालक, ऐंशीच्या घरातले आजोबा, एकेक बशी वर्तमानपत्रात गुंडाळत उभे. आम्हाला बघून कसनुसं हसले. "जरा मागे पडलोय," म्हणाले. "चहा टाकू का?"

घर आमचं, पैसे त्यांच्याकडे पोचलेले, आणि चहाचं विचारतायत तेच.

त्यांच्या मुलाची व्हॅन आली नव्हती. ज्येष्ठांसाठीच्या ज्या इमारतीत ते आणि आजी राहायला जाणार होते तिथल्या फ्लॅटची किल्ली मंगळवारी मिळणार होती. हे त्यांनी स्वतःच्या वकिलालाही सांगितलं नव्हतं. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, कुणाचं काय अडणार, असा हिशोब. आजी वरच्या खोलीत पलंगावर बसून होत्या, त्या खाली आल्याच नाहीत. आमच्या सामानाचा ट्रक रस्त्यावर उभा आणि पाचनंतर त्याचे तासाचे वेगळे पैसे. आई फोनवरून विचारत होती, "दूध ठेवलंस का रे?"

माझी खरी पंचाईत वेगळीच होती. पंधराच दिवसांपूर्वी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नेहमीचा वाद रंगला होता. परदेशात राहणाऱ्यांनी पुण्यातला बंद फ्लॅट भाड्याने द्यावा की नाही? कुणीतरी लिहिलं, बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो. आत्तेभावाने, जो शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो, त्याला खोडून काढलं: तुमच्या परवानगीने राहणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्या बारा वर्षांच्या नियमाने मालक होत नाही, ताबा तुमच्या हक्काच्या विरोधात आणि उघड असावा लागतो. तरी सगळे "आपल्याकडे कायदाच नाही" यावर येऊन थांबले. आणि त्यात मी, इंग्लंडात नऊ वर्षं काढलेला शहाणा, लिहून बसलो होतो: "इकडे असं होत नाही."

होतं. आणि का होतं, ते समजून घ्यायला इथली घरखरेदी बघावी लागते. इंग्लंडमध्ये दर ठरला तरी कित्येक आठवडे काहीच बंधनकारक नसतं, दोघांपैकी कुणीही उठून जाऊ शकतो. मग एक दिवस दोन्हीकडचे सॉलिसिटर, म्हणजे घरखरेदीचं काम बघणारे वकील, फोनवर करारांची अदलाबदल करतात, त्याला म्हणतात एक्स्चेंज. साधारण दहा टक्के रक्कम अडकते आणि तारीख पक्की होते. ती तारीख म्हणजे कम्प्लिशन, पैसे देऊन घर ताब्यात घ्यायचा दिवस. प्रमाणित अटींनुसार पैसे दुपारी दोनच्या आत पोचावे लागतात, उशीर झाला तर हिशोबाला पुढचा कामाचा दिवस धरतात. पैसे पोचले की समोरचा सॉलिसिटर एजंटाला कळवतो, किल्ल्या द्या. या सगळ्या साखळीत घर रिकामं झालंय का, हे जाऊन बघणारा माणूस नाही. ते कुणाचं कामच नाही. माझा सॉलिसिटर वीस मैलांवर बसतो, त्याने ते घर फोटोत तरी पाहिलं असेल की नाही, शंका आहे.

आता आपल्याकडचं बघा. फ्लॅट विकत घेणारा कोथरूडचा माणूस दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा देईल, कॅमेऱ्यासमोर फोटो काढून घेईल, पण शेवटचा चेक खिशातून काढायच्या आधी त्या फ्लॅटवर एक चक्कर मारेल. पंखे आहेत का, गीझर काढून नेलाय का, मागच्या खोलीत कुणाची ट्रंक तर नाही ना. मग ताबापावतीवर सही, मग चेक. बँकेचं कर्ज असलं तरी बहुतेक जण स्वतःच्या वाट्यातली थोडी रक्कम ताब्यासाठी हातात ठेवतात. या सावधपणाला इथले माझे मराठी मित्र 'इंडियन मेंटॅलिटी' म्हणून हसतात. मीही हसायचो. त्या शुक्रवारी कळलं की ती मेंटॅलिटी बिटॅलिटी काही नाही, ते शहाणपण आहे. आमच्या करारात काही रक्कम ताब्यापर्यंत राखून ठेवायची अट घालता आली असती, पण ती एक्स्चेंजच्या आधी घालायची, आणि मला कुणी विचारलंच नाही. मीही विचारलं नाही. फार काय, आदल्या संध्याकाळी गाडी काढून त्या रस्त्यावरून एक फेरी मारली असती तर खिडकीत पडदे दिसले असते.

संध्याकाळी आत्तेभावाचा फोन. "कुलूप बदल."

"अरे, ते आत आहेत."

"मग बाहेर काढ. घर तुझं आहे ना?"

इथेच गंमत आहे. 1977 च्या क्रिमिनल लॉ अ‍ॅक्टप्रमाणे आत माणूस आहे आणि तो तुम्हाला येऊ देत नाही हे माहीत असताना जबरदस्तीने घुसणं हा गुन्हा आहे. त्याला दोन-तीन अपवाद आहेत, पण घाईघाईत मारामारी करून ते सिद्ध करायला जाऊ नका, असं सॉलिसिटरने पाच मिनिटांच्या फोनवर बजावलं. शेजारी म्हणाला, पोलिसांना सांगा, घुसखोरी 2012 पासून इथे फौजदारी गुन्हा आहे. आहे खरी. पण ते कलम घुसून आत आलेल्यासाठी आहे. आजोबा घुसले नव्हते. ते चाळीस वर्षं त्याच घरात होते, फक्त निघायचे राहिले होते. पोलिसांच्या फोनवर उत्तर आलं, हा दिवाणी मामला आहे. हे वाक्य इंग्रजीत ऐकलं, पण सूर थेट आपल्या चौकीतला. फक्त शेवटी 'सॉरी' होतं.

मग राहतं कोर्ट. विनापरवाना राहिलेल्या माणसाविरुद्ध काउंटी कोर्टात ताब्याचा दावा लावता येतो, आणि राहत्या घराच्या बाबतीत नोटीस आणि सुनावणी यांच्यात किमान पाच दिवसांचं अंतर असलं की नियमाला पुरतं. हे कागदावरचं. प्रत्यक्षात तारीख मिळून बेलिफ, म्हणजे कोर्टाचा माणूस, दाराशी येईपर्यंत आठवडे जातात, लंडनच्या बाजूला महिनेही. पण महिनेच. आणि तोवरची भरपाई विकणाऱ्याच्या अंगावर चढत राहते: हॉटेल, गोदामाचं भाडं, ट्रकचा दुसरा फेरा. करारात 'मोकळा ताबा' म्हटलं की मोकळा म्हणजे मोकळा, याबद्दल इथली कोर्टं फार पूर्वीपासून कडक आहेत. 1946 सालच्या एका निकालात गोदाम विकणाऱ्याने तळघरात दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्या सोडल्या होत्या, माणूस एकही नव्हता, तरी तो मोकळा ताबा नव्हे असं कोर्टाने ठरवलं. माझ्याकडे तर दोन माणसं, एक रेडिओ आणि मागच्या शेडमध्ये रंगाचे डबे होते.

शनिवार-रविवार आम्ही चौघे एका स्वस्त हॉटेलात. सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या सॉलिसिटरने पत्र पाठवलं. दीड पान. मंगळवारी दुपारी बारापर्यंत घर रिकामं करा, न केल्यास रोज अमुक रक्कम, शिवाय हॉटेल आणि गोदाम, त्यानंतर दावा आणि दाव्याचा खर्च. त्यात एकही जोरकस विशेषण नव्हतं. आजोबांच्या वकिलाने ते पत्र त्यांना वाचून दाखवलं असणार, कारण अकरा वाजता मुलाचा फोन आला, व्हॅन मिळाली म्हणून.

आत्तेभावाला मी ते पत्र पाठवलं. तो म्हणाला, "इतकं साधं पत्र? यात कायदा कुठाय?" कायदा पत्रात नव्हता. पुढे कोर्टात काय होणार आणि केवढ्यात पडणार, हे आजोबांच्या वकिलाला पाठ होतं, त्यात सगळं आलं.

माझं म्हणणं इथे आहे. ग्रुपवर दर वेळी मागणी येते की कायदा कडक करा. महाराष्ट्रात कायदा कडक नाही असं मला वाटत नाही. विकलेल्या मालमत्तेचा ताबा खरेदीदाराला देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 मध्ये लिहून ठेवलंय. लिव्ह अँड लायसन्सवर राहिलेला माणूस मुदत संपूनही हलला नाही तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 24 त्याला दुप्पट रक्कम लावतं आणि दिवाणी कोर्टाच्या रांगेत न लावता सक्षम प्राधिकाऱ्याकडे पाठवतं. म्हणजे उशीर महाग करायची युक्ती आपल्याला माहीत आहे, फक्त ती भाड्यापुरती ठेवलीय. घर विकून आत बसून राहिलेल्यासाठी मात्र नेहमीचाच रस्ता: दावा, हुकूमनामा म्हणजे कोर्टाचा निकाल, मग तो अमलात आणायची दरखास्त.

दरखास्त हा शब्द आमच्या घरात लहान मुलांनाही माहीत आहे. काकांनी नारायण पेठेत जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या घेतल्या. खरेदीखत झालं, पैसे दिले. विकणाऱ्याचा पुतण्या मागच्या खोलीत होता, "दोन महिन्यांत निघतो काका" म्हणाला. काका भिडस्त. ताबापावतीवर सही झाली, एका खोलीच्या ताब्याची, दुसरी तोंडी. पुतण्याचा त्या जागेवर काही हक्क नव्हता, हे कोर्टाने सांगितलं. नऊ वर्षांनी सांगितलं. हुकूमनामा आमच्या बाजूने झाला तेव्हा काकूंनी पेढे वाटले. मग तो अमलात आणायची दरखास्त लावली, तिला आता चौथं वर्ष आहे. एकदा बेलिफ गेला तर दाराला कुलूप, एकदा पुतण्याच्या मेव्हण्याने हरकत घेतली. काका मधेच गेले. खोलीचं भाडं धरायचं तर पुतण्याने तेरा वर्षांत ते कितीतरी पटीने वाचवलं. त्याला कुठल्या कडक कायद्याची भीती वाटावी? प्रत्येक तारीख त्याला पैसे मिळवून देते.

1872 मध्ये लंडनमधल्या प्रिव्ही कौन्सिलनेच, म्हणजे हिंदुस्थानच्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानेच, म्हणून ठेवलं होतं की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. आमच्या काकांचे आजोबाही तेव्हा जन्मले नसतील. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, दरखास्ती दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकालात काढा. आमची त्या सहा महिन्यांतून केव्हाच बाहेर पडलीय.

आणि ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला तो बारा वर्षांचा नियम, तो मुळात इथलाच. इंग्लंडने त्यात बदल केला: 2002 चा कायदा 2003 मध्ये लागू झाल्यापासून नोंदणीकृत जमिनीवर दहा वर्षं ठाण मांडणाऱ्याला अर्ज करावा लागतो, मालकाला नोटीस जाते आणि बहुतेक वेळा मालकाच्या हरकतीने अर्ज पडतो. आपण सायबाचा जुना नियम अजून सांभाळतोय. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला अतार्किक म्हटलं, 2023 मध्ये विधी आयोगाने मात्र बदलायची गरज नाही असा अहवाल दिला. त्याचं एक कारण मला इथे राहून कळतं. इथे सरकारी नोंदवही सांगते मालक कोण, आणि ती बरोबर धरली जाते. आपला सातबारा किंवा मिळकतपत्रिका मालकीचा शेवटचा शब्द नसतो, त्यामुळे ताब्याला इतकं वजन येतं. ज्याच्या पायाखाली जमीन तो अर्धा मालक, ही समजूत अशी उगीच नाही आलेली.

पुण्यात ग्रुपवर कुणीतरी नेहमी सुचवतं, "माणसं पाठवू". पुतण्याकडे एकदा अशी माणसं जाता जाता राहिली, काकांनीच अडवली. मला त्या वेळी ते भित्रेपणाचं वाटलं होतं. आता वाटत नाही, कारण आजोबांच्या दारात मीही दहा मिनिटं तोच विचार करत उभा होतो, आणि माझ्यासोबत ट्रकवाले तीन धट्टेकट्टे पोलिश होते.

मंगळवारी साडेअकराला व्हॅन निघाली. आजी पुढच्या सीटवर, मांडीवर कुंडी. आजोबांनी बॉयलर कसा सुरू करायचा ते दाखवलं, कचरा कुठल्या वारी कुठला ठेवायचा ते सांगितलं, आणि हॉटेलचा चेक लिहून दिला. रक्कम अक्षरांत लिहिताना त्यांचा हात थरथरत होता. शेडमधले रंगाचे डबे राहिलेच. 1946 च्या निकालाची आठवण झाली, पण सॉलिसिटरला फोन केला नाही. त्यातला पांढरा बैठकीच्या खोलीला चालला.

मुहूर्त टळला तो टळलाच. आईने पंचांग बघून बुधवारचा दुसरा काढला. सिरॅमिकच्या शेगडीवर दूध उतू जायला इतका वेळ लागला की ती फोनवर दोनदा म्हणाली, "लागली आहे ना रे ती शेगडी?"

संध्याकाळी आत्तेभावाचा मेसेज: "ते दीड पानाचं पत्र परत पाठव. पुतण्याच्या वकिलाला वाचून दाखवतो, निदान करमणूक होईल." आणि खाली, "पुढची तारीख जूनमधली पडलीय."