शक्यतो वर्क फ्रॉम होम

आज सकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी फोन पुढे केला. भाच्यासाठी मुलगी बघतायत. "तुझ्या ऑफिसात असतील की गं कुणी." बायोडेटाच्या तळाशी अपेक्षा: बी.ई., आयटीत नोकरी, शक्यतो वर्क फ्रॉम होम. मुलगा स्वतः रोज ठाण्याहून महापेला जातो. त्याने शक्यतो काय करावं, ते लिहिलेलं नाही.

तेव्हापासून डोकं फिरलंय.

माझी गवारीची गोष्ट काही जणींना माहितीये. २०२१. मी डायनिंग टेबलावर, क्लायंटचा कॉल, वीसेक माणसं. सासूबाईंनी समोर परात ठेवली. "नुसतं ऐकतेच आहेस ना? मग ऐकता ऐकता मोड." आणि मी मोडली! अर्धा किलो. माझं नाव घेतलं तेव्हा अनम्यूट केलं, तर कुकरची शिट्टी. नवऱ्याचाही कॉल चालू होता. बेडरूममध्ये, दार लावून. त्या दारापुढून आमचा मुलगा चवड्यांवर चालायचा.

२०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, मराठा, आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींना राज्यात इंजिनिअरिंगची फी माफ आहे. आनंदच आहे. लॅपटॉप कंपनीचा, वायफाय घरचं. म्हणजे आता पगारही घरात आणि पगार मिळवणारीही घरात. वर पुन्हा "आम्ही सुनेला नोकरी करू देतो". देतो!!

हो, कबूल, घरून काम नसतं तर माझ्या टीममधल्या दोघींनी बाळंतपणानंतर राजीनामेच दिले असते. २०१७ च्या कायद्याने रजा २६ आठवड्यांची केली, ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सांगितलं. सत्ताविसाव्या आठवड्यात काय करायचं, हे मात्र तिने एकटीने बघायचं.

मला तर ऑफिसला जायची ती ठाणे-ऐरोली लोकल आठवते. प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा, ठाण्याच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवरची रेटारेटी वेगळी. पण त्या दहा मिनिटांत माझ्यापुढे कुणी परात ठेवत नव्हतं.

सासूबाईंवर चिडून लिहायला बसले होते, पण आता लिहिता लिहिता राग उतरतोय. त्या गवारीनंतर महिनाभराने असेल, दुपारी माझ्या बाजूला येऊन बसल्या. "बटणं न बघता येतात का गं तुला?" नाही म्हटलं. त्यांनी लॅपटॉप ओढला आणि डाव्या हाताची बोटं ए, एस, डी, एफवर बरोब्बर ठेवली. लग्नाआधी टायपिंगची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झालेल्या. नोकरीचं पत्रही आलं होतं, सासऱ्यांनी पाठवलं नाही. इतक्या वर्षांत मला हे माहीतच नव्हतं. बोटं तशीच ठेवून थोडा वेळ बसल्या, मग म्हणाल्या, "दूध उतू जाईल," आणि उठल्या.

तरी परात त्यांनीच ठेवली होती हो. आणि दार मीही कधी मागितलं नाही, हेही लिहून टाकते.

काकूंना मगाशी कळवलंय: मुलगी आहे ओळखीत. तिला दार लावून बसता येईल अशी खोली आहे का, तेवढं विचारा. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

आज रात्री गवारच आहे. ह्यांनी मोडलीये, शिरा न काढता.