हाउसिंग उघडण्याआधी: ऐरोलीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ऐरोलीकर,

तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देतो. नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. सेकंडहँड फोर-बाय-फोरच्या आवाजावर मी लिहिलं होतं की हाउसिंग (एक्सलवरचा डिफरन्शियलचा डबा) उघडण्याआधी चाचण्या कराव्यात; तुमच्या मते ते सगळं पुस्तकी आहे. तुम्ही म्हणता, ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे ‘घूंऽऽ’ असा आवाज आला की मागचं हाउसिंग गेलेलं असतं, बेअरिंग आणि क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) बदललं की विषय संपतो. तुमच्या स्वतःच्या गाडीत मात्र ठाणे-बेलापूर रस्त्यावर फोर-एच (चारही चाकांना जोर) लावल्यावर आवाज कमी झाला, त्यामुळे दोष ट्रान्सफर केसमध्येच (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या पेटीतच) आहे. आणि अशा लेखांमुळे लोक चांगल्या मिस्त्रीवरही संशय घ्यायला लागतात.

आधी फोर-एचबद्दल, कारण तुमचं वाचून दुसऱ्या कुणी तसं करू नये असं मला मनापासून वाटतं. तुमच्या गाडीसारख्या पार्ट-टाइम फोर-बाय-फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या (एक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या दांड्यांच्या) मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसते. फोर-एच लावलं की ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधून टाकते. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. चिखल, वाळू किंवा सुटी माती असेल तर चाक जरासं घसरतं आणि तो फरक तिथेच निघून जातो. कोरड्या सिमेंटवर त्याला घसरायला जागा मिळत नाही, मग तो फरक शाफ्ट, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा), ट्रान्सफर केसची चेन आणि गिअरच्या दातांमध्ये पीळ होऊन साठत राहतो. पुढच्या-मागच्या टायरांची झीज वेगळी असेल तर सरळ रस्त्यावरही हेच होतं. फोर-एच काढताना लिव्हर अडकून बसतो तो याच पिळामुळे.

आता तुमचा आवाज कमी का झाला? पीळ बसला की दातांमधली मोकळीक एका बाजूला दाबली जाते आणि जे ढिलं वाजत होतं ते ताणलं जातं. शिवाय इंजिनाचा जोर एकट्या मागच्या हाउसिंगवर न राहता पुढेही वाटला जातो. म्हणजे मागचं पिनियन बेअरिंग खराब असेल तरी फोर-एचमध्ये आवाज उतरू शकतो, आणि प्रोपेलरचा क्रॉस ढिला असेल तरीही. या चाचणीने ट्रान्सफर केस दोषी ठरत नाही. ती करायचीच असेल तर सुट्या मातीवर, सरळ आणि सावकाश करावी.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट. टू-एचमध्ये (जोर फक्त मागच्या चाकांना) आवाज येतो म्हणून तो मागचाच, असंही नाही. जिप्सीसारखे फ्री-व्हीलिंग हब (पुढची चाकं एक्सलपासून सोडवणारे) असतील आणि ते मोकळे केलेले असतील तरच टू-एचमध्ये पुढचा एक्सल खरोखर थांबतो. ज्या गाड्यांत पुढची चाकं एक्सलपासून सुटत नाहीत, तिथे चाकंच पुढचं डिफरन्शियल आणि पुढचा शाफ्ट फिरवत राहतात. जोर नसतो, पण फिरतं सगळंच.

आता घूं आवाजाकडे. तो हाउसिंगमधून येतोच, हे मी नाकारत नाही. पण जुन्या फोर-बाय-फोरमध्ये अगदी तसाच आवाज देणाऱ्या गोष्टी आणखी आहेत: असमान झिजलेले टायर, चाकाचं बेअरिंग, पुढचं डिफरन्शियल. चॅसिस लोखंडी शिडीसारखी असल्याने आवाज तिच्यातून प्रवास करतो आणि मागचा आवाज गिअर लिव्हरखाली ऐकू येतो. म्हणून एकट्या कानावर विसंबू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आवाज बदलतो का ते पाहायचं.

तुमच्या रोजच्या रस्त्यावर यातली सर्वांत सोपी चाचणी फुकट होते. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या सिमेंटवर एक वेग धरा, मग डांबरी रस्त्यावर तोच वेग धरा. आवाजाची जात बदलली तर आधी टायरकडे बघा. पिनियनला खाली सिमेंट आहे की डांबर, याने फरक पडत नाही. तुम्ही मड-टेरेन टायर असल्याचं लिहिलंय, म्हणून तर हे पहिलं करायला हवं. हाताचा तळवा टायरच्या गोट्यांवरून आधी पुढे आणि मग मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवती लागलं, तर पुढचे टायर मागे टाकून पुन्हा चालवून बघा. आवाजाची जागा सरकली की उत्तर मिळालं.

त्यानंतर ॲक्सिलरेटर. एकाच वेगाला पाय दाबून, मग नुसता धरून, मग पूर्ण सोडून ऐका. दाबल्यावर चढणारा आणि सोडल्यावर विरणारा, किंवा याच्या उलट वागणारा चिरका आवाज म्हणजे क्राऊन-पिनियनच्या दातांवर किंवा पिनियन बेअरिंगवर खरा संशय. पाय काहीही करो, आवाज तसाच राहिला तर टायर किंवा चाकाचं बेअरिंग. मग मोकळ्या जागी, बेताच्या वेगात गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग. हे कृपा करून पाम बीच रोडवर करू नका, तिथे मागून येणाऱ्यांचा वेग फार असतो. आणि हे सगळं गाडी चांगली तापल्यावर करा. थंड असताना घट्ट ऑइल बरंच काही झाकतं, विकणाऱ्याने आणखी जाड ऑइल भरलेलं असेल तर जास्तच.

पुस्तकी म्हणालात, पण इथे थोडं गणित फार कामाला येतं. २४५/७५ आर १६ टायरचा घेर साधारण २.४ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे ७ फेरे मारतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४ धरलं तर प्रोपेलर शाफ्ट आणि पिनियन सेकंदाला २८ फेरे मारतात. पिनियनला १० दात असतील तर सेकंदाला २८० वेळा दात दाताला भिडतो. म्हणून चाकाचा दोष स्टिअरिंगमध्ये किंवा सीटखाली हेलकाव्यासारखा कळतो, शाफ्टचा दोष पायाखालच्या पत्र्यात थरथर म्हणून येतो आणि दातांचा दोष सुरात गातो. मोबाइलवर ध्वनीची वारंवारता दाखवणारं ॲप मिळतं, त्यात वेग वाढवल्यावर नेमका कोणता आकडा सरकतो ते दिसतं. तुमच्या गाडीचं गुणोत्तर मॅन्युअलमध्ये असेल, ते घालून हिशेब करा.

थरथर शाफ्टची निघाली तर तुमच्या गाडीत बघण्यासारखं एक खास कारण आहे. आधीच्या मालकाने सस्पेन्शन दोन इंच उचललंय असं तुम्ही लिहिलंत. गाडी उचलली की प्रोपेलरचा कोन वाढतो आणि क्रॉसवर ताण येतो. शाफ्ट काढून पुन्हा जोडताना सरकत्या जोडाच्या खाचा चुकल्या, तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे कान) एका रेषेत राहत नाहीत आणि नवा क्रॉस टाकूनही थरथर जात नाही. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया गंजल्या आहेत असं समजा. हळू चालताना येणारी ‘चूं-चूं’ आणि रिव्हर्स टाकताना येणारं ‘टक्’ हे बहुतेक तिथलंच. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर येणारी ‘कट-कट’ मात्र पुढच्या सीव्ही जॉइंटची (वळणाऱ्या चाकाला जोर पोचवणाऱ्या सांध्याची). आणि नव्या पिढीच्या थारच्या काही प्रकारांत मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल (एक चाक घसरलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधणारं) मिळतं, चिखलात ते लागताना जो ठोका ऐकू येतो तो दोष नाही.

आता हाउसिंग उघडण्याबद्दल, जिथे आपलं खरं मतभेदाचं ठिकाण आहे. “बदललं की विषय संपतो” हे मला मान्य नाही. क्राऊन आणि पिनियन जोडीने घासून बसवलेले असतात. उघडल्यावर त्यांच्यातली मोकळीक डायल गेजने मोजून, शिम (पातळ चकत्या) घालून, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशात बसवावी लागते, बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) मोजावा लागतो आणि दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहावं लागतं. हे न करता नुसत्या अंदाजाने घट्ट केलेलं चांगलं हाउसिंग परत येतं तेच वाजत. ज्याने बचत मोडून जुनी गाडी घेतली त्याला हा खर्च दोनदा पडतो. माझा सगळा आग्रह या माणसासाठी आहे.

त्याआधी पाच मिनिटांचं काम आहे. हाउसिंगचा भरण्याचा बोल्ट काढून बोट घाला. ऑइल भोकाच्या कडेपर्यंत आहे का? दुधाळ आहे का? पावसात ठाण्यातल्या वंदना टॉकीजसारख्या पाणी साचणाऱ्या ठिकाणी तापलेला एक्सल पाण्यात बुडाला की आतली हवा थंड होऊन आक्रसते, आणि ब्रीदर (हाउसिंगची हवा जाण्यायेण्याची वाट) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा राखाडी चिकटा नेहमीचा असतो. टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा मिळाला, तर तुम्ही बरोबर आणि हाउसिंग उघडायलाच हवं.

मिस्त्रींवरचा अविश्वास माझ्या लेखात मला तरी दिसत नाही. वागळे इस्टेटमधले जुने हात गाडी घेऊन निघतात तेव्हा पायाने हेच करतात: दाबतात, सोडतात, न्यूट्रल टाकतात. ते चाचणी करतात हे आपल्या लक्षात येत नाही, कारण ती त्यांना सवयीने होते. गाडी न चालवताच हाउसिंग उतरवायला सांगणाऱ्याला मात्र मी थांबवीन.

एका मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. गाडी विकत घेताना विक्रेता शेजारी बसलेला असतो, तेव्हा एवढं सगळं जमत नाही. त्या वेळी गाडी तापवून ॲक्सिलरेटरची आणि दोन रस्त्यांची चाचणी, एवढंच करा.

तुमच्या गाडीसाठी आता क्रम असा ठेवा: आधी टायर मागे-पुढे, मग शाफ्टच्या योकची रेषा, मग ऑइल. एक चाक जॅकवर उचलाल तेव्हा इंजिन बंदच ठेवा, कारण मागे लॉकिंग डिफरन्शियल असेल तर इंजिनाने उचललेलं चाक फिरवल्यावर खालचं चाकही जोर घेतं आणि गाडी जॅकवरून उतरते. चाक हाताने फिरवा, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा, बेअरिंग खरखरत असेल तर बोटांना कळतं. पिनियनच्या सीलभोवती ऑइल ओघळलेलं दिसलं आणि आवाज आठवड्यागणिक वाढत असेल, तर गाडी महामार्गावर नेऊ नका, जवळच्या गॅरेजपर्यंतच चालवा. कोणत्या चाचणीत आवाज बदलला ते इथेच लिहा, पुढचं त्यावरून बघू.