अमिबा, पांढऱ्या पेशी आणि तुमचे दोन आक्षेप

भाऊ, तुमचं म्हणणं असं: आमांश आणि यकृतात गळू करणाऱ्या अमिबाची (एन्टामिबा हिस्टोलिटिका) एन्झाइम्स पांढऱ्या पेशी मारतात ही अतिशयोक्ती, खरी नासधूस आपल्याच पेशी करतात. शिवाय पावसाळ्यात नागपुरात ज्याच्या त्याच्या रिपोर्टात 'हिस्टोलिटिका सिस्ट' (अमिबाचं कवचातलं सुप्त रूप) असते, तरी माणसं धडधाकट कशी?

पहिला आक्षेप अर्धा मान्य. आतड्यात सुरुवातीची नासधूस बरीचशी आपल्याच दाहाने होते. यकृतात मात्र गणित उलटं. उंदरांमधल्या न्यूट्रोफिल (पहिल्यांदा धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) आधीच कमी केल्या, तर तुमच्या हिशेबाने यकृतातलं गळू लहान व्हायला हवं. ते मोठं झालं. अमिबाचं सिस्टीन प्रोटिएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) अडवणारं ई-६४ हे रसायन दिलं तेव्हा मात्र घटलं.

आता 'मारतात' याची फोड. एन्झाइम दुरून शिंपडून पेशी मरत नाही. अमिबा आधी लेक्टिन या आपल्या चिकट प्रथिनाने पेशीवरच्या गॅलॅक्टोज या साखरेला चिकटतो. प्रयोगात मोकळं गॅलॅक्टोज घातलं की चिकटणं थांबतं, मारणंही. चिकटल्यावर पेशीत कॅल्शियम चढतं. जिवंत पेशीचे लचके तोडतानाही तो २०१४ मध्ये दिसला. प्रोटिएजचं काम आजूबाजूचं: आतड्यातला म्यूसिनचा (बुळबुळीत श्लेष्माचा) थर कापायचा, आयजीए-आयजीजी या अँटिबॉडी तोडायच्या, पांढऱ्या पेशींना बोलावणारे सी३ए आणि सी५ए हे रक्तातले प्रथिनांचे तुकडे निकामी करायचे. गंमत म्हणजे तेच प्रोटिएज दाह वाढवणाऱ्या आयएल-१ बीटा या संदेश-प्रथिनाचं पूर्वरूप कापून चालू करतात आणि आयएल-१८ या दुसऱ्याचं बिघडवतात. मेलेल्या न्यूट्रोफिल फुटून त्यांची स्वतःची एन्झाइम्स सांडतात, ती नासधूस तुम्ही म्हणता तीच. म्हणून गळूतला चॉकलेटी द्रव पुवासारखा दिसला तरी त्यात पांढऱ्या पेशी फारशा नसतात. अमिबा भिंतीलगत असतो, त्यामुळे सुईने शेवटी निघालेला भाग तपासायला द्यावा.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर सोपं. 'डिस्पार' या निरुपद्रवी भावंड-अमिबाची सिस्ट हुबेहूब तशीच दिसते, आणि तिच्यात सीपी-५ या प्रोटिएजचं चालू जनुकच नाही. मायक्रोस्कोपखाली फरक कळतो तो ट्रोफोझॉइटच्या (हलत्या, जिवंत अमिबाच्या) पोटात रक्तातल्या लाल पेशी दिसल्या तरच. त्यासाठी पातळ शौच अर्ध्या तासात तपासायला हवं, लघवी न मिसळलेलं. शहराबाहेरच्या हिंगण्याहून डबी धंतोलीतल्या लॅबमध्ये पोचेस्तोवर अमिबाची हालचाल थांबलेली असते. नमुना लॅबमध्येच द्या. नाहीतर अँटिजेन टेस्ट (अमिबाचं प्रथिन शोधणारी) किंवा पीसीआर (त्याचा डीएनए शोधणारी) करून घ्या.

नुसती सिस्ट निघाली, त्रास काहीच नाही, तर दुकानातून मेट्रोनिडाझोल आणून खाऊ नका. ते ऊतीतल्या अमिबावर चालतं, आतड्यातल्या सिस्टवर कमी. खरा आजार असेल तर मेट्रोनिडाझोलनंतर आतड्यातल्या अमिबासाठी डायलोक्सानाइड ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, १० दिवस. तेही डॉक्टरांनी लिहून दिलं तरच.